डुलकी काशीराम

नाही गो दीपाली, नियमात बसत नाही ते. बस तू, उभी का? — आपल्या वाडीच्या पंचायतीपुढे जो दगड लागणार आहे त्यावर नावं यायची ती नोकरी पुरी केलेल्या नौसैनिकांची. तुझा बाप वर्षभरात घरी आला. पळून नाही आला, मान्य — घालवून दिला. पहाऱ्यावर झोपला म्हणून. आता मी समितीचा अध्यक्ष, माझ्याच सहीने झोपलेल्या माणसाचं नाव कोरून घेऊ? लोक काय म्हणतील? तुला ठाऊकच आहे, पन्नास वर्षं म्हणतायत — डुलकी काशीराम. ते नाव मीच ठेवलं, पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा. गंमत म्हणून गो. माणसाने गमतीने घ्यावं.

आणि तू ऐकलंयस ते अर्धवट. आम्ही दोघे एकाच दिवशी भरती झालो, ट्रेनिंग संपवून एकाच बोटीवर गेलो. साहेब पंजाबकडचा. गाव कुठलं म्हणून विचारलंन — रत्नागिरी म्हटल्यावर काय खूश झाला. म्हणाला, म्हणजे समुद्राचीच पोरं. आता त्याला काय सांगणार, की आमची वाडी डोंगरात, आम्ही शेतात ढोपरभर चिखलात वाढलेले, आणि समुद्र पहिल्यांदा बघितला तो एसटीच्या खिडकीतून? छाती काढून हो म्हटलं. आणि बोट खोल पाण्यात गेली तशी लागली — अशी लागली की आतडी तोंडात यावीत. बादली पोटाशी धरून पडून राहायचं. डॉक्टरकडे कुठल्या तोंडाने जाणार? रत्नागिरीचा माणूस आणि त्याला बोट लागते — सगळी बोट हसली असती. बोटीवर माणूस तोफेला घाबरत नाही, पण हसण्याला घाबरतो.

कुणाला लागली म्हणजे? काशीरामाला नाही गो, त्याला कुठे काय होतंय — तो स्वतःचा डाळभात ओरपून वर माझ्या ताटातलाही — हां. मला. मला लागली. त्यात काय, विसाव्या वर्षी कुणालाही लागते. पहारा चार तासांचा, पुढे टोकाला उभं राहून नुसतं पाणी बघायचं. तर माझ्या पाळीला काशीराम जायचा. पावसाळी कोटाची टोपी नाकापर्यंत ओढून माझं नाव सांगायचा. मग लगेच स्वतःची पाळी. असे आठ दिवस. मी काय हुकूम केला होता त्याला? नुसतं मागितलं होतं. नवव्या दिवशी त्याच्या स्वतःच्या पाळीला कठड्याला टेकून उभ्याउभ्या झोपला, आणि नेमका साहेबानेच पकडला.

मला बोलावलंन की साहेबाने. एका गावचे म्हणून विचारलंन, हा असाच आहे काय? काशीराम समोर उभा, माझ्याकडे बघत. मी काय सांगायला हवं होतं? मग दोघेही घरी आलो असतो, नांगर धरायला. एक तरी राहिला ना? मी म्हटलं, साहेब, हा लहानपणापासूनच झोपाळू. पुढे मी पंधरा वर्षं काढली, पेन्शन घेतली, इथे रत्नागिरीजवळ मिरजोळ्यात हे घर बांधलं. आणि तो गेल्या साली गेला, तोवर चकार शब्द काढला नाही त्याने. घरी तरी बोलला होता का कधी? — बघ. त्यालाही गंमतच वाटली असणार.

रडायला काय झालं आता? बरं, आण तो अर्ज. करतो सही, माझ्या नावाखालीच घालू त्याचं, तेवढी जागा आहे — आणि नियम काय, मीच अध्यक्ष. तो चष्मा दे इकडे.

अगो, फाडलास कशाला? नको? माझ्या नावाखाली नको तुझ्या बापाचं नाव? आलीस ती त्याच्यासाठीच ना, दोन एसट्या बदलून? — काय म्हणालीस? बोट कुणाला लागली ते वाडीत सांगणार, गंमत म्हणून? परत बोल.

नको, नको बोलूस. जेवायची वेळ झाली माझी. जा तू.