सायरन वाजला अन् कमर सुटली

अरे, एकाहत्तरच्या लढाईतली गोष्ट. आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सुट्ट्या बंद, रोज ओव्हरटाइम, आणि नेमकी पेटी उचलताना माझी कमर धरली. कळ थेट खुब्यापर्यंत. वाटलं, आता कायमचा खाटेवर. बायको मला रिक्षात घालून नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे नेत होती, तर हवाई हल्ल्याचा सायरन वाजला.

"लेट जाओ!" चौकातला नागरी संरक्षणाचा वॉर्डन ओरडला. आम्ही सगळे रस्त्यावर आडवे. सायरन थांबल्यावर लोक उठले, मी तसाच पडून.

"उठो भैया, प्रॅक्टिस थी!"

"आपकी होगी, मेरी कमर सचमुच गई!"

मग वॉर्डनने आणि रिक्षावाल्याने बगलेत हात घालून मला उचललं, तशी पाठ कडकन वाजली. मी किंचाळलो आणि एकदम गप्प झालो.

बायको घाबरली. "अहो, बोलून काहून नाही राहिले?"

म्हटलं, "अवं, दुखूनच नाही राहिलं!"