कानबाईच्या दिवशी आलेला कॅमेरा

नाना : म्हणजे विसर्जनाला कानबाई देवी डोक्यावर घेऊन बाया नदीपर्यंत नाचत गेल्या, आणि तू एकही फोटो आणला नाहीस?

हेमांगी : आणले ना. सगळे काळे. भिंगावर टोपण तसंच राहिलं होतं.

नाना : दोंडाईच्यात स्टुडिओ चालवून माझे केस पांढरे झाले, आणि माझ्या पोरीनं टोपण लावून मिरवणूक टिपली. बाहेर कुणाला सांगू नकोस.

हेमांगी : नाना, या नव्या कॅमेऱ्याची बघायची खिडकी भिंगापासून वेगळी असते. टोपण असलं तरी समोरचं लख्ख दिसतं. नव्यानं हातात घेतलेल्याचं असं होतंच.

नाना : मग ट्रॅक्टरच्या भावात हा घ्यायचा कशाला? फोकस हातानं फिरवा, झूम नाही, व्हिडिओ नाही. हळदीत नवरदेव काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे? आणि त्यापायी स्टुडिओतले दोन्ही कॅमेरे विकायला निघालीस.

हेमांगी : लग्नं काढणारे आता गल्लोगल्ली झालेत. मला चेहरे काढायचेत. शिंदखेड्यापासून जामनेरपर्यंत माणसं घरी बोलावतील मला, आमच्या आबांचा एक फोटो काढून दे म्हणून.

नाना : तो मोबाइलवरही निघतो.

हेमांगी : मोबाइल समोर धरला की आबा ताठ होऊन बसतात. त्यांचा नाही, पुतळ्याचा फोटो येतो.

नाना : हे बघ, फोटो काढणाऱ्याच्या नजरेत असतो. तो महागाच्या डब्यात नसतो. मी साध्या कॅमेऱ्यावर अख्खा संसार उभा केला. हा वापरून बघायला पाठवणाऱ्या त्या प्रेमराजला हो की नाही ते आजच कळवायचंय ना? नाही म्हण, आणि संध्याकाळच्या गाडीनं कॅमेरा त्याला सुरतला परत पाठव.

हेमांगी : पाठवते. आधी हा एक बघा. टोपण काढल्यावरचा पहिला.

नाना : ही... पुष्पा?

हेमांगी : आईच. विसर्जनाहून आल्यावर प्रसादाचा रोट खायला बसली होती तेव्हाची.

नाना : कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढते ती. तुझ्या बारशाच्या फोटोतही नुसता पदर आहे. इथं एवढी हसतेय कुणाकडे?

हेमांगी : माझ्याकडे. खिडकी अगदी कडेला आहे, म्हणून डोळा लावला तरी माझा चेहरा झाकला जात नाही. आपल्या मोठ्या कॅमेऱ्यामागे मी दिसतच नाही तिला.

नाना : रोट गोड लागला असेल, म्हणून हसली.

हेमांगी : मग तुम्ही काढून बघा.

नाना : काढतो की. पुष्पा, जरा बाहेर ये व. हेमांगी, टोपण काढून दे.

पुष्पाबाई : आते काय? गॅसवर भाजी शे मनी.

नाना : राहू दे भाजी. इकडे बघ.

(पुष्पाबाईंचा हात पदराकडे जातो आणि तिथंच थांबतो.)

पुष्पाबाई : तुम्ही फोटो काढताना ओठ चावतस?

नाना : चावत असेन. तुला आज कळलं?

पुष्पाबाई : आजलोंग तुमनं तोंड कोठे दिखनं माले?

नाना : हेमांगी, प्रेमराजला हो कळव. जुन्यातला एक लग्नांसाठी ठेव. दुसरा विक. बाकीच्या पैशांचं मी बघतो.