काकूच्या बोटाची शाई

मतदान कमी झालं म्हणून काय रडताय? नव्वदीच्या सुमाराला बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या चाळीने सकाळीच सगळं मतदान उरकलं होतं. म्हणजे तसं दिसत होतं.

दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते रिक्षा घेऊन सारखे दारात. "काकू, चला ना." मालतीकाकूचा पुरणपोळ्यांचा घाट चाललेला. वैतागून तिने काकांच्या पेनातली शाई बोटाला लावली आणि खिडकीतून बोट दाखवलं. शेजारणींनी ते बघितलं आणि पेन चाळभर फिरलं. कार्यकर्ते खूश होऊन गेले, ते परत फिरकलेच नाहीत.

दुपारी पोळ्या आटोपून काकू चालत शाळेत गेली, खरं मत द्यायला. केंद्रावरचे साहेब म्हणाले, "बाई, शाई आहे की बोटाला. दुसऱ्यांदा आलात?"

"ही आमच्या ह्यांच्या पेनाची," म्हणत काकूने ओल्या पदराने बोट पुसून दाखवलं.

मत देऊन ती फाटकाबाहेर आली, तोवर बातमी तिच्या आधी पोचली होती. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते रडवेले. "काकू, म्हणजे अख्खी चाळ?"

"अख्खी. आता कुणाची रिक्षा मोकळी आहे? आधी मला घरी सोडा, मग बाकीच्यांना आणा."