भिंतीपलीकडचे अकरा कारकून

"तिच्यासमोर बोला हो बिनधास्त! ती म्हणजे घरातलं कपाट... उघडलं तरी आवाज नाही!"

हे कोण म्हणालं? माझ्या सासूबाई. कुणाला? सासऱ्यांना. कुणाबद्दल? माझ्याबद्दल! आणि मी कुठे? दाराच्या अलीकडे, चहाचा ट्रे घेऊन! आता तुम्हीच सांगा, लग्नाला चार महिने झालेल्या सुनेनं अशा वेळी करायचं काय? खोकायचं? ट्रे आपटायचा? मी वीसपर्यंत आकडे मोजले, आत गेले, चहा दिला. मी काय बोलणार!

आणि विषय काय, तर विमा. आमचा लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. आमचा म्हणजे सासऱ्यांचा. नवरा तिथे भट्टीपुढे उभा असतो, आणि माझा वाटा म्हणजे त्याच्या शर्टांची भोकं. तुम्हाला सांगते, ठिणगी पडली की भोक, ठिणगी पडली की भोक, काही शर्टांत कापडापेक्षा माझं रफूच जास्त आहे! तर कामगारांच्या अपघाताचा विमा काढायचा, म्हणजे कंपनी आधी विचारते, कोण काय करतो? त्यावर हप्ता ठरतो. लोखंड ओतणारा महागड्या वर्गात, माल घासणारा जरा कमी, आणि कारकून सगळ्यात स्वस्त. सासऱ्यांनी तो तक्ता वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "अरेच्चा! म्हणजे आपल्याकडे सगळे कारकूनच की! सूनबाई, तुझं अक्षर छान आहे. लिही."

लिहिलं. पहिलं नाव नानांचं. तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस, सही करेपर्यंत समोरचा चहा गार होतो... आणि हे कारकून? माझं पेन जरासं अडखळलं, तर सासरे म्हणतात, "तोंडी कारकून आहे तो!" असे करत करत दहा झाले आणि अकरावं नाव माझ्या नवऱ्याचं. पुढे लिहिलं, कारकून. मी काय बोलणार!

पण त्याच आठवड्यात नवरा जेवता जेवता म्हणाला, "शेजारच्या कारखान्यात एकाच्या बुटात लोखंड सांडलं. पाय गेला. मीठ दे जरा." मी मीठ दिलं. तर म्हणतो, "कागदावर शिपाई होता ना, विमावाले विचारतात, शिपायाच्या बुटात वितळलेलं लोखंड शिरलं कसं? काही मिळालं नाही बिचाऱ्याला." म्हटलं, "अहो, तुम्हीसुद्धा कागदावर कारकूनच आहात." तर हात धुवायला उठता उठता म्हणतो, "आता बाबांना कोण सांगणार?" घ्या! त्या दिवशीचं भोक, सांगू कुठे होतं? कॉलरच्या खाली, दोन बोटांवर. रफू केलं. मी काय बोलणार!

मग कळलं, विम्याचे साहेब स्वतः बघायला येणार. आणि नियम असा की कारकून तोच, जो भट्टीपासून वेगळा, भिंतीआड बसतो. झालं! दोन दिवसांत प्लायवूडची भिंत उभी! अकरा खुर्च्या, अकरा टेबलं, अकरा पांढरे शर्ट. आमच्याकडे भोक नसलेला शर्ट होताच कुठे? शेवटी लग्नातला काढला. नाना तर खुर्चीच्या टोकावर असे बसलेले, जणू दात काढायला आलेत.

साहेब आले. घामानं निथळलेला, गरीब स्वभावाचा माणूस. चहाचा ट्रे घेऊन मी आणि सासूबाईही तिथेच. म्हणाले, "एकेकानं या, आपापला कागद उचला, सही करा." कागदांच्या गठ्ठ्यावर सासऱ्यांनी मोठ्या अभिमानानं आमच्याच कारखान्यात ओतलेला लोखंडी बेडूक वजन म्हणून ठेवलेला. नाना उठले. बेडकापाशी आले. आणि हात उलटा करून, न टेकवता, बेडकावर धरला... क्षणभर... मग उचलला. दुसरा आला, उलटा हात, क्षणभर, मग बेडूक. तिसरा, तेच! चौथा, तेच! साहेबांचं पेन हळूहळू खाली.

"हे काय चाललंय? बेडकाला आशीर्वाद?"

"शिस्त हो साहेब!" सासरे म्हणाले. "आमच्या ऑफिसची शिस्त!"

अकरावा माझा नवरा. हातामुळे बिंग फुटतंय, हे त्याला कळलं होतं हो! त्यानं उजवा हात खिशात कोंबला. आणि मग डावा आपोआप पुढे आला... उलटा! घरात माझ्या किल्ल्यांवर धरतो, कुलपावर धरतो, तो हात बेडकाला कसा सोडेल?

साहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हाला काही कळतंय का यातलं?"

सासूबाई हसल्या. "ती? ती काय बोलणार!"

म्हणजे माझंच वाक्य, आणि तेही माझ्याआधी! मी ट्रे खाली ठेवला.

"साहेब, लोखंड काळं पडलं तरी आत तापलेलं असतं. ओतणारा माणूस उलटा हात धरल्याशिवाय त्याला शिवत नाही. हे अकराही जण भट्टीवरचे आहेत. तसंच लिहा."

नवरा बेडूक हातात घेऊन तसाच उभा. सासरे छताकडे बघतायत, सासूबाई माझ्याकडे, कपाटातून कुणी माणूस बाहेर आलाय अशा नजरेनं! साहेबांनी गठ्ठा चाळला, कपाळ पुसलं आणि विचारलं, "मग या ऑफिसात कारकून आहे तरी कोण?"

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. शेवटी मीच म्हटलं, "हे सगळं अक्षर कुणाचं आहे बघा ना, साहेब. कारकून एकच आहे, तिचं नाव तेवढं लिहायचं राहिलंय."