नऊ तासांच्या अकरा लाद्या

...आणि मी म्हणतो, नऊ तास म्हणजे नऊच ना हो? की मोबाईलसुद्धा थापा मारायला लागला? आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा, या डोळ्यांनी बघितलंय... म्हणजे त्या दिवशी मी अच्छाडच्या ढाब्यावर बसलेलो, पण ऐकलंय इतकं नीट, की बघितल्यातच जमा!

तर सतरा सालचा मे, वरोरचा चंदर रविवारी सकाळी जाळं सांधता सांधता गेला. बायको मालू, चाळीस वर्षं डहाणूच्या बाजारात मासळी विकणारी, रडली नाही. आधी शेजारच्या हेमांगीला म्हणाली, बघ गं मोबाईलवर, आमचा दिपेश किती लांब आहे. दिपेश म्हणजे एकुलता एक, आफ्रिकेत डर्बनला गोदीत वेल्डर. हेमांगीनं बोट फिरवलं... सात हजार किलोमीटर, विमानानं नऊ तास.

नऊ तास! म्हणजे दोन लाद्या बर्फ, मालू म्हणाली. कारण तुम्हाला सांगतो, किनाऱ्यावर लांबी किलोमीटरात मोजतच नाहीत. बोट जितकी लांब जाणार, तितका बर्फ पोटात. आणि पोरगा समोरच तर होता, मध्ये नुसतं पाणी! बाप सिरीयस आहे, ये, एवढंच तिनं फोनवर सांगितलं... एवढ्या लांबून एकटा रडत कसा येणार तो?

पण सरळ विमान असेल तर ना! पासपोर्ट मालकाच्या कपाटात, रविवारी कपाट बंद, सोमवारी तिकीट, तेही आधी वर दुबईला, मग खाली मुंबईला, समोरच्या घरी जायला अख्ख्या गावाला वळसा, आणि दुबईत पुढचं विमान चुकलं! नऊ तास म्हणे!

इकडे चंदरच्या बोटीवरचा भागीदार, सुक्या नावाचा, चंदरभोवती बर्फाच्या लाद्या रचतोय, सहावी, सातवी, वर भुसा, वर गोणपाट. म्हणाला, "वहिनी, पापलेट आपण आठ दिवस टिकवतो."

"ते पापलेट नाहीत, सुक्याभाऊ." पण भुसा तिनंच नीट दाबला. बोटानं दाबून मासा कधीचा ते सांगणारी बाई, मंगळवारी नवऱ्याला बोट लावेना.

अकराव्या लादीला दिपेश दारात! ज्या तोंडानं शिळ्या बोंबलाला सकाळचा म्हणायची, त्याच तोंडानं मालू म्हणाली, "आज सकाळीच गेले रे. तुझीच वाट बघत होते."

दिपेशनं बापाच्या पायाला हात लावला. बोटीवर वाढलेला पोरगा, थंडी किती दिवसांची ते त्याला कळणार नाही? "हो आई," म्हणाला.

...आता कबूल करतो. दिपेश वेळेत पोचला, तेवढं मी पदरचं घातलंय. अकरावी लादी वितळली तशी सुक्यानं माणसं बोलावली, चंदरला स्मशानात नेलं. पोरगा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा ओसरीवर ओलं गोणपाट तेवढं होतं. मालूनं वाक्य मात्र तेच म्हटलं. तीन दिवस घोकलेलं, वाया कसं घालवणार? आणि तो "हो आई"च म्हणाला.

मोबाईल? परवाच बघितला मी. अजून नऊच तास सांगतो.