जिन्याखालचा फोन

चेतन : मी म्हणून राहिलो, महिन्याभराचाच सवाल आहे. चौकशी होऊन जाऊ दे, मग येऊ दे तिले परत.

अनुसया : अन् तवरिक कुठं राहीन थे?

चेतन : हॉस्टेलात. आई, शेजारचे महादेवराव रोज गेटवर पकडते मले. 'तुमची भाडेकरू गच्चीवर बांगलादेशी बोलते' म्हणते. आता पोलीस ठाण्यातूनही तिले बोलावणं आलं.

अनुसया : बंगाली पोरगी बंगाली नाही तं काय जर्मन बोलन? मुलचेऱ्याची आहे काजल, गडचिरोली जिल्ह्यातली. तिच्या आज्याले सरकारनं निर्वासित म्हणून तिकडं जमीन देऊन बसवलं, तवा तुहा बाप चड्डीत होता.

चेतन : मले माहीत आहे. पोलिसाले माहीत नाही ना. घरमालक म्हणून आपल्यालेच धरलं तं?

अनुसया : म्हणून तं उद्या मी जाऊन राहिली तिच्यासंग ठाण्यात.

चेतन : तू?

अनुसया : तुह्या बाबाले जात पडताळणीत 'तुम्ही हलबा कशावरून' विचारता विचारता रिटायर केलं. पणजोबाचा कागद शोधाले रामटेकपर्यंत गेलो आपण. तवा शेजारीपाजारी 'असतीन खोटे' म्हणत, थे विसरला काय गा?

चेतन : त्याचा अन् याचा काय संबंध?

अनुसया : तुले नसन दिसत, तं राहू दे.

चेतन : अन् महादेवरावाले काय सांगू?

अनुसया : सांग, आई ऐकत नाही. खरंच आहे थे.

(काजल बॅग घेऊन जिना उतरते.)

काजल : काकू, ही खोलीची किल्ली. मी आजच निघते. माझ्यामुळे तुम्हाला कोणी बोलायला नको.

अनुसया : चेतननं सांगितलं काय वं तुले?

काजल : नाही. दादा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. त्यावरूनच कळलं.

अनुसया : बस इथं. काल जिन्याखाली बसून फोनवर कोणाशी बोलून राहिली होती?

काजल : आजीशी.

अनुसया : मराठीत?

काजल : गच्चीवरून आवाज बाहेर जातो ना. आणि खालीही कोणी ऐकलं तर...

अनुसया : आजीले समजते मराठी?

काजल : नाही.

अनुसया : मंग काय म्हणे थे?

काजल : आधी तिला वाटलं, राँग नंबर लागला. मग आवाज ओळखला. नुसती हूं हूं करत राहिली.

चेतन : ...हिची मराठी माझ्यापेक्षा साफ आहे.

काजल : दहावीला मराठीत शहाऐंशी होते, दादा.

चेतन : मले बेचाळीस.

अनुसया : हे तूच सांग उद्या ठाण्यात.

चेतन : स्कूटीवर तिघं नाही जमणार. मी ऑटो सांगून ठेवतो.

अनुसया : ठेव वं थे बॅग. अन् किल्ली तुह्याजवळच राहू दे. आज केला आजीले फोन?

काजल : अजून नाही. जिन्याखाली नीट लागतही नाही, मध्येच कटतो.

अनुसया : कटनच. रेंज गच्चीवर येते.