पूर्वाचं बिस्कीट

नाटकाला लहान मूल नेऊ नये म्हणतात ना, मग माझं ऐका. बोईसरला दुकानांच्या वरच्या मजल्यावर छोटं नाटकघर आहे, तिथे मी जन्मात पहिल्यांदा नाटक बघायला गेले. दारावरचा माणूस म्हणाला, "बाई, पोर रडली तर बाहेर जावं लागेल." आत बसल्या बसल्या मी माझ्या तीन वर्षांच्या लेकीला, पूर्वाला, मांडीवर घेतलं आणि तिच्या दोन्ही हातांत बिस्किटं दिली.

तिथे स्टेज असं नाहीच. आपल्या खुर्चीपुढे फरशीवरच नाटक चालतं. नाटकात एक आजोबा रुसून बसलेले. सून विनवते, मुलगा ओरडतो, पण ते काही ताटाला हात लावत नाहीत. मी इतकी रंगून गेले की मांडी कधी रिकामी झाली ते कळलंच नाही. बघते तर पूर्वा थेट आजोबांपुढे उभी, बिस्कीट त्यांच्या तोंडाशी धरून.

"आजोबा, खा. नाय तर बुवा येल."

मी तिला उचलून आणायला उठले. आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि अख्खं बिस्कीट खाल्लं. मग सुनेला म्हणाले, "बघ सूनबाई, आग्रह असा करतात."

टाळ्या थांबेनात. पूर्वा शहाण्यासारखी परत येऊन मांडीवर बसली.

नाटक सुटल्यावर दारावरचा तोच माणूस आडवा आला. मला वाटलं, आता हा ऐकवणार.

"ताई, रविवारी परत प्रयोग हाय. पोरीला आणाल का?"

"आणीन," मी म्हटलं, "पण ती रडली तर बाहेर तुमी जायचं."